‘सिरियस’ जपून वापरणारी डॉक्टरीणबाई

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या महिन्यात तुम्ही दोघं माझ्यामुळे घाबरलात, म्हणून हे लिहायला बसले आहे. मला ताप आला, पोटात पाणी ठरेना, म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात भरती केलं. सलाईन लागलं, ताप उतरला, घरी आले. गोष्ट एवढीच होती. पण बाळूकाकाने घरच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकले, ‘आजी सिरियस’. तिकडे ईरा रडून रडून आजारी पडायची वेळ आली आणि नील तिकिटं शोधत बसला. त्याच सुमारास मी इथे खाटेवर मांडी घालून मुगाची खिचडी खात होते आणि तिच्यात मीठ नाही म्हणून डबा आणणाऱ्या बाईशी हुज्जत घालत होते.

घरी आल्यावर बाळूला विचारलं, असं का लिहिलंस? तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, “काकू, भरती केलं म्हनलं तं आजकाल कोनी फोनबी करत नाही. सिरियस म्हनलं का सारे जागे होतात.”

माझी मैत्रीण विमल असती तर बाळूची खैर नव्हती. ती तुम्ही पाहिली नाही. ईराला तिने पाळण्यात पाहिलं होतं, पण ते ईराला आठवणार नाही. तुम्ही दोघं फोनवर दर दोन वाक्यांनी ‘सिरियसली?’ म्हणता. त्यावर ती रागावली नसती, ते बिनविषारी आहे. पण आमच्या गावात हा शब्द ज्या पद्धतीने वापरतात, त्याच्याशी ती जन्मभर भांडली. तिच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस मनात धरून होते. बाळूने निमित्त दिलं. आता क्रमाने सांगते.

डॉक्टर विमल पांढरकवड्यात आमच्या शेजारी राहायची. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे घर, आणि तिच्या-आमच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत. दवाखान्यात कोणी धावत आलं आणि “बाई, चला लवकर, सिरियस आहे!” म्हणालं, की विमल त्याच्याकडे न बघता म्हणायची, “बाहेर जाय. त्या निंबाखाली उभा राह्य. काय होऊन राह्यलं ते मनात जुळव आन मंग येऊन सांग. सिरियस सोडून.”

माणूस चिडायचा. नवीन असला तर शिव्याही द्यायचा. पण हे बोलत असतानाच विमलच्या गळ्यात स्टेथोस्कोप आलेला असायचा आणि बोटं रोग्याच्या मनगटावर. बाहेर पाठवायचं ते फक्त त्या माणसाला. तो निंबाखाली वाक्य जुळवेपर्यंत हिला रोगी मोकळा मिळायचा, कानाशी रडणारं कोणी नाही. आणि आत येईपर्यंत त्या माणसाचाही श्वास जागेवर आलेला असायचा. “काल संध्याकाळपासून ओकून राह्यला बाई. पानी ठरत नाही. डोळे आत गेले,” असं तो नीट सांगायचा. मग विमल म्हणायची, “पाह्य, सांगता येते ना तुले. मंग कायले भेव दाखवत होता मले?”

माझी तिची ओळखही याच शब्दावरून झाली. मी लग्न होऊन पांढरकवड्याला आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. एका रविवारी मी अंगणात केस वाळवत बसले होते. भिंतीपलीकडून ही उंच, सावळी, पांढऱ्या कोटातली बाई डोकावली आणि नाव-गाव न विचारता म्हणाली, “तुमी इंग्रजी शिकवता ना मॅडम? मंग तुमच्या लोकायचा एक शब्द सुटला आहे. गावात मोकाट फिरून राह्यला. धरून न्या.”

मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. मी विचारलं, कोणता शब्द? तिने सांगितला. मी तशीच ओल्या केसांनी आत गेले, कॉलेजात बक्षीस मिळालेला जाडजूड शब्दकोश आणला आणि भिंतीवर ठेवून एकेक अर्थ वाचून दाखवला. गंभीर, विचारी, हसण्यावारी न नेण्यासारखा, मनापासून केलेला. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “यातला एकबी आमच्या गावात पोचला नाही. इथं त्याचा अर्थ एकच. झालं आता, सगळ्यायले बोलवा.”

मी मास्तरीण होते, गप्प कशी बसणार? मी म्हटलं, “डॉक्टर, हे विशेषण आहे. त्याला नाम लागतं. सिरियस काय? आजार? जखम? चूक? विशेषण एकटं फिरत नसतं.”

ती इतक्या मोठ्याने हसली की तिच्या कंपाउंडरने दारातून डोकं बाहेर काढलं. “तेच तं मी सांगून राह्यली! आमच्या इकडं ते एकटंच फिरते. मोकाट गोऱ्ह्यासारखं. ज्याच्या वावरात घुसलं त्याचं वाटोळं.” त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. मॅडमची मालतीबाई झाले, मालतीबाईची मालू. बुद्धपौर्णिमेला त्या भिंतीवरून खिरीचं भांडं यायचं, संक्रांतीला माझ्याकडून तिळाच्या पोळ्या जायच्या. मधल्या काळात वांगी, शेवग्याच्या शेंगा आणि भांडणं यांची ये-जा चालू असायची.

तिचे वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. त्या घरातली ती पहिली डॉक्टर, आणि हे ती स्वतःहून कोणालाही सांगायची, खाली मान न घालता. नागपूरला शिकली. तिच्याबरोबरचे नागपूरलाच राहिले. ही इथे परत आली. का आलीस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “तिकडं माह्यासारख्या पन्नास. इथं मी एकटी. एकटीले भाव जास्त.” नवरा एसटीत होता, तो लवकर गेला. प्रशांत नावाचा एकच मुलगा. त्याला तिने दवाखान्याच्या बाकावर अभ्यास करायला लावून वाढवला.

या एका शब्दावर ती एवढी का बिघडते, हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं. मला तो तिचा हेका वाटायचा. एकदा दुपारी आम्ही दोघी अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो, तेव्हा तिने आपणहून सांगितलं. मी विचारलेलंही नव्हतं.

दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. जंगलाकडच्या एका गावातून एक बाळंतीण आणली होती. बाळ घरी झालं होतं, बाईचं रक्त थांबत नव्हतं. विमलने बघितलं, बाहेर आली आणि सासऱ्याला म्हणाली, “सिरियस आहे. यवतमाळले न्यावं लागते. मी सलाईन लावून देते, तोवर गाडी पाहा.” आणि ती सलाईन जुळवायला आत वळली. बाहेर आली तर खाट रिकामी. रस्त्यावर त्यांची बैलबंडी जाताना दिसली, आणि ती यवतमाळच्या रस्त्याला लागली नव्हती, गावाकडे चालली होती.

“त्यायचं चुकलं नाही मालू,” ती देठ खुडत म्हणाली. “सिरियस म्हनजे आता जानार. आन जानारच तं दवाखान्यात कायले? आपल्या घरी, आपल्या मानसात जाऊ द्या. मेल्यावर गाडीवाला मुडदा नेत नाही, दुप्पट मागते, कोनी चिराफाडीचं भेव घालते. ते मले ठाऊक होतं. मी काय बंगल्यातून आलती? माह्या आजीले असंच घरी आनलं होतं. सारं ठाऊक असून मी तो शब्द बोलली आन पाठ फिरवली.”

मी विचारलं, “मग?”

“मंग काय. कंपाउंडरच्या सायकलवर मागून गेली. नाल्याजवळ गाठलं. तोवर सपलं होतं.” भाजीचं ताट तिने माझ्याकडे सरकवलं. “मी बोलली ते खरं होतं. खऱ्यानंच गेली ती.”

यानंतर तिच्या दवाखान्याची शिस्त मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. तो शब्द तिथे तिच्याशिवाय कोणी उच्चारायचा नाही, आणि तीही उभ्याने, जाता जाता कधी उच्चारत नसे. एरवी ती काय होतंय ते सांगायची आणि लगेच प्रत्येकाच्या हाताला काम द्यायची. “दम लागून राह्यला बुढ्याले. नळी लावली. तू पाठीशी उशा धर. तू पानी गरम कर. आन तू भाऊ, रडाचं असन तं रड, पन रडता रडता चहाचं दूध घेऊन ये, साऱ्यायले लागते.” कामाला लागलेली माणसं रोग्याला उचलून घरी नेत नाहीत, हे तिला समजलं होतं. पुढच्या दवाखान्यात पाठवायचं असलं तर गाडीत स्वतःचा माणूस बसवायची, नाहीतर स्वतः बसायची.

आणि निरोप. तेव्हा फोन करायला बसस्थानकाजवळच्या एसटीडी बूथवर जावं लागायचं. नातेवाइकांतला एकच माणूस फोनला जाणार, आणि जाण्याआधी तो तिकडे काय बोलणार ते त्याने विमलसमोर म्हणून दाखवायचं, हा तिचा नियम. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते, तेव्हा एका गजाननची अशी परीक्षा चालू होती. त्याच्या आईच्या कमरेचं हाड मोडलं होतं आणि मोठा भाऊ पुण्याला होता.

“म्हन पाहू,” विमल म्हणाली.

“हॅलो दादा, गजू बोलून राह्यलो. बुढी सिरियस…”

“थांब! कोन सिरियस? बुढी आत बसून तंबाखू मागून राह्यली मले.”

“बाई, तुमाले नाही समजत. तसं म्हनल्याशिवाय तो येतच नाही ना!”

“मंग असं म्हन, माय पडली, कंबर मोडली, ऑपरेशन लागते, तुह्यी आठवन काढून राह्यली, ये.”

“तेवढ्यानं नाही येत तो. बायको येऊ देत नाही.”

“नाही येत तं नाही येत. पन माह्या दवाखान्यातून खोटं नाही जानार. आज तू खोटं सिरियस म्हनशीन, तो पयत येईन, बुढी तंबाखू खाताना पाहीन आन वापस जाईन. मंग खरीच वेळ आल्यावर काय म्हनशीन त्याले? जास्त सिरियस?”

बाकावरची सगळी माणसं हसली. गजाननही हसला. त्याने तीन वेळा म्हणून दाखवलं, तेव्हा त्याला सोडलं. भाऊ आला का, हे मला आठवत नाही. बहुतेक आला नाही. विमलच्या शिस्तीने सगळी माणसं सुधारली असं मी सांगणार नाही.

पण वेळ खरी असली की ती टाळाटाळही करत नसे. महामार्गावरच्या ढाब्यापाशी एकदा हरियाणाचा एक ट्रकवाला छाती धरून कोसळला, त्याला लोकांनी तिच्याकडे आणलं. तिने करायचं ते सगळं केलं. मग त्याच्या खिशातला नंबर घेऊन स्वतः बूथवर गेली, कोणाला पाठवलं नाही. मी सोबत होते. तिचं हिंदी आपल्याकडचं, मोडकंतोडकं. पलीकडे त्या माणसाची बायको होती. विमल म्हणाली, “बहनजी, पहले आप बैठ जाओ। बैठे? आपके पास कौन है घर में? उनको भी बुलाओ।” ती माणसं जमेपर्यंत तिथेच थांबली, मीटर पळत होता. मग म्हणाली, “वो सिरियस है। मैं डॉक्टर बोल रही हूँ। निकलो।” परत येताना मला म्हणाली, “पाह्य, मराठी नाही समजत तिले, माह्यं हिंदीबी अर्धंच समजलं असन. पन हा शब्द समजला. जंगलातल्या कोलामाच्या पोडावर, त्यायच्या वस्तीतल्या म्हातारीले समजते, आदिलाबादले समजते, हरियानात समजते. एवढा दूर पोचनारा शब्द आहे हा. तो खराब करून कसं चालीन?”

माझ्या नववीच्या मुलींनाही ती वर्षातून एकदा शिकवायला यायची. मी शिकवायचे इंग्रजी विशेषणं, ती तासाच्या शेवटी उभी राहून विचारायची, “तुमची आजी आजारी आहे. मले फोनवर सांगा. कशी आहे म्हनू नका, काय दिसून राह्यलं ते सांगा.” मुली आधी खिदळायच्या. मग एखादी उठून सांगायची, “बाई, ओठ निळे झाले. बसूनच श्वास घेते, लेटता येत नाही.” विमल माझ्याकडे बघून डोळा मारायची. हेडबाईंना हा प्रकार अभ्यासक्रमाबाहेरचा वाटायचा. तो होताच.

आता शेवटचं. दोन वर्षांपूर्वी, शेतांत कापसाची वेचणी चालू असताना, विमलचं हृदय थकत चाललं. यवतमाळला झालं, नागपूरला झालं. मग तिने स्वतःच सांगितलं, आता घरी. ऑक्सिजनचं यंत्र आणून खिडकीपाशी ठेवलं. तिची नणंद कुसुमताई घाटंजीहून येऊन राहिली, आणि मी भिंत ओलांडायची सोडून सरळ दारातून दिवसभर ये-जा करू लागले.

प्रशांत बंगळूरला. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं, मुलगी दहावीला, आणि घरात दुसरं मोठं माणूस नाही. विमलने मला बजावलं होतं, “त्याले रोज खरं सांगजो. पन उगाच बोलवू नको. तिकडंबी एक पेशंट आहे.” तो रोज संध्याकाळी मला फोन करायचा. मी सांगायचे, पायाची सूज गुडघ्यापर्यंत आली, दोनाच्या तीन उशा लागतात, सकाळी अर्धी भाकर आणि वरण खाल्लं. तो विचारायचा, “मावशी, येऊ?” मी म्हणायचे, “आज नको.” आणि फोन ठेवल्यावर पुन्हा आत जाऊन तिच्या पायाची सूज बघून यायचे. माझा अंदाज एका दिवसाने जरी चुकला असता, तरी त्या मुलाला आई दिसली नसती.

कुसुमताईंना माझं वागणं अजिबात पटत नव्हतं. एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “मालतीबाई, तुमी त्याले सिरियस म्हना ना. उद्या हजर होते तो.”

“आज ती जेवली, कुसुमताई.”

“अर्धी भाकर खाल्ली म्हनजे जेवली का? उद्या काही कमीजास्त झालं तं? तोंड कोनाचं काळं होईन?”

“माझं.”

“मंग तसं लिहून द्या मले!”

आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, “कुसुमबाई, लिहून घेऊ नका. तिची सही कोनाले वाचता येत नाही.” मग कुसुमताई हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळचे दहा वाजले असतील, खिडकीतून ऊन थेट तिच्या पायांवर पडलं होतं. ती त्या दिवशी उलट बरी दिसत होती, वेणी घालून घेतली होती. मी आत गेले तर एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवून ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “माह्या नडगीवर अंगठा दाब.” मी दाबला. खळगा पडला तो भरेना. तिने तो वाकून पाहिला, एखाद्या दुसऱ्याच बाईचा पाय असावा तसा. मग म्हणाली, “मालू, प्रशांतले फोन कर. आता तो शब्द वापर.”

मी म्हटलं, “नक्की?”

“चाळीस वर्सं मी साऱ्या तालुक्याचं सांगतलं, तेव्हा कोनी विचारलं नाही नक्की का म्हनून. आता माह्यं सांगून राह्यली तं तू उलटतपासनी घेते?”

मी अंगणात गेले. फोन लावला. एवढी वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला त्या वेळी एकच वाक्य आठवत होतं. “प्रशांत, मावशी बोलते. आई सिरियस आहे. ये.”

पलीकडून “निघालो मावशी,” आणि फोन बंद. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, उद्या आलो तर चालेल का, एकही प्रश्न नाही.

कुसुमताई माझ्या मागेच उभ्या होत्या. इतके दिवस ज्या शब्दासाठी माझ्याशी भांडत होत्या, तो ऐकल्यावर त्या तिथेच ओट्यावर बसल्या. “असं काहून म्हनलं हो मालतीबाई?” त्या म्हणाल्या. “आज तं बरी दिसून राह्यली ना ते.”

प्रशांत विमानाने नागपूरला आणि तिथून टॅक्सीने पांढरकवड्याला आला. दिवेलागणीच्या आधी दारात होता. खांद्यावर लॅपटॉपची बॅग तशीच, पायात घरातली रबरी चप्पल. विमल जागी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आई-मुलाचं पहिलं बोलणं काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं? ती म्हणाली, “सूनबाईचे टाके कोरडे आहेत ना?”

“कोरडे आहेत.”

“ताप?”

“नाही.”

“मंग ठीक. बस इथं.” तो खाटेवर तिच्या पायाशी बसला. ती म्हणाली, “तिकडं नको. हातापाशी बस.”

ते दोघं पुष्कळ वेळ बोलत होते. मी आणि कुसुमताई बाहेर होतो, मुद्दामच. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी दुपारी, वरणभाताचे दोन घास प्रशांतच्या हातून खाऊन झाल्यावर, ती गेली. श्वास शेवटी कठीण झाला होता, ते मी लपवत नाही. पण हात त्याच्या हातात होता.

सगळं आटोपल्यावर एकदा मी प्रशांतला विचारलं, “तू मला एक अक्षरही कसं विचारलं नाहीस रे?” तो म्हणाला, “मावशी, मी त्या बाकावर बसून लहानाचा मोठा झालो. आमच्या घरातून तो शब्द कधी उगाच गेला नाही. बायकोने फक्त माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, जा. विचारायला काय उरलं होतं?”

म्हणून ईरा, नील, आता माझ्यापुरतं सांगते. माझं वय झालं आहे. ताप येईल, पडेन, भरती होईन, सलाईन लागेल. ते सगळं तुम्हाला कळेल, जसं असेल तसं. त्यावर काळजी करा, फोन करा, तिकिटं शोधू नका. शेजारी रेखा राहते, माझी जुनी विद्यार्थिनी, विमल ज्या नववीला शिकवायला यायची त्यातलीच एक. ती आता इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्याबद्दल तो शब्द फक्त रेखाकडून येईल, तसं मी तिला सांगून ठेवलं आहे. तो आला तर विचारत बसू नका, निघा. बाळूने काहीही लिहिलं तरी आधी रेखाला विचारा. बाळू मनाने चांगला आहे.

विमलच्या दवाखान्यात आता वणीचा एक तरुण डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस बसतो. बाकीचे दिवस कुलूप असतं. पाटीवरचं तिचं नाव उन्हाने उडालं आहे, पुन्हा रंगवलेलं नाही. पण तालुक्यातली चाळिशीपुढची बरीच माणसं आजारपणाचा फोन करताना आधी काय झालं ते सांगतात, मग काय चाललं आहे ते सांगतात, आणि त्यानंतर ये म्हणतात.

तुमची,
आजी